पाहुण्यांचं डिपॉझिट: कधी कापायचं, किती आणि कसं

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी २६ वर्षं काम केलं. माल आत आला की मोजून घ्यायचा, बाहेर गेला की सही घ्यायची, आणि मार्चअखेरीला रॅकवर जे असेल ते रजिस्टरशी जुळलं पाहिजे. निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायकोनं नेरूळचा वन बीएचके आणि खारघरचा टू बीएचके पाहुण्यांना दिवसाच्या हिशेबानं द्यायला सुरुवात केली. माणसं मिळतील की नाही याचीच तेव्हा काळजी होती. ती काळजी फुकट गेली. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे, खारघरला खिडकीतून डोंगर दिसतो, लग्नाचे हॉल जवळ आहेत, माणसं येतात. खरी परीक्षा पाहुणा निघून गेल्यावर असते. त्याच्या डिपॉझिटचे तीन हजार आपल्या खात्यात असतात आणि सोफ्यावर एक डाग दिसतो, तेव्हा.

हे लिहितोय ते मुख्यतः माझ्यासारख्या एक-दोन फ्लॅटवाल्यांसाठी. आपल्याकडे मॅनेजर नाही, वकील नाही. फोन आपणच उचलतो आणि पैसेही आपणच कापतो. म्हणून चूकही आपलीच होते.

माझी झाली ती आधी सांगतो. २०२३ च्या जुलैत खारघरला नाशिकचं एक कुटुंब चार दिवस राहून गेलं. आजी, मुलगा-सून, दोन नाती. ते गेल्यावर सफाईच्या मावशींचा फोन आला, "काका, आतल्या खोलीतल्या गादीचा कोपरा ओला आहे, आणि कपाटाची खालची फळी फुगलीय." मी जाऊन पाहिलं. घरात लहान मुलं होती, पाणी सांडलं असणार, असं मनाशी ठरवलं आणि अठराशे रुपये कापून उरलेले परत पाठवले. त्या गृहस्थांचा एवढाच मेसेज आला: "आमच्याकडून पाणी सांडलेलं नाही, पण तुम्ही म्हणता तर ठीक आहे." बारा दिवसांनी फ्लॅट रिकामा होता. मी एसी लावून इलेक्ट्रिशियनची वाट बघत बसलो होतो, तर त्याच भिंतीवरून पाणी ओघळताना दिसलं. एसीच्या पाण्याचा पाइप बाहेरच्या टोकाला तुंबला होता. पाणी भिंतीवरून कपाटामागे आणि तिथून गादीच्या त्याच कोपऱ्यात उतरत होतं.

अठराशे रुपये लगेच परत पाठवले आणि फोन करून माफी मागितली. फोन आजींनी घेतला. म्हणाल्या, "पैशाचं काही नाही हो, पण सूनबाईनं धाकटीला उगाच रागावलं तेव्हा." ते ऐकून मला जे वाटलं, ते मी विसरलेलो नाही.

डिपॉझिटला आपल्याकडे अनामत म्हणतात. विश्वासानं सांभाळायला दिलेली वस्तू. माझा सगळा हिशेब या शब्दावर उभा आहे: ते पैसे पाहुण्याचे आहेत, माझ्याकडे फक्त ठेवलेत. त्यातला रुपया घ्यायचा असेल तर तो का घेतला हे दाखवणं माझं काम. आपण काही तोडलं नाही हे सिद्ध करत बसणं पाहुण्याचं काम नाही.

पाहुणा यायच्या आधी

निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. प्रत्येक खोलीची यादी करा. "फर्निचर, भांडी" असं मोघम लिहू नका. काचेचे ग्लास सहा, स्टीलची पातेली तीन, एसीचा रिमोट एक, चाव्यांचे जोड दोन, असं लिहा. मोठ्या वस्तूंपुढे विकत घेतल्याची तारीख आणि किंमत लिहा, बिलाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. ही तारीख पुढे फार उपयोगी पडते.

मग फोटो. खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक, आणि आधीपासून जे खराब आहे त्याचे जवळून वेगळे. डायनिंग टेबलावरचा ओरखडा, बेसिनचा उडालेला टवका, दरवाजाचं सुटलेलं लॅमिनेट. आपल्याच घरातले दोष टिपायला जीव होत नाही, पण तेच फोटो सर्वात महत्त्वाचे. त्यानंतर मुख्य दारापासून बाल्कनीपर्यंत न थांबता एक व्हिडिओ काढा. नळ सोडून दाखवा, टीव्ही लावून दाखवा, गीझरचा दिवा, शेगडी, एसी, फ्लश. चालू असलेली वस्तू चालू दिसली पाहिजे. मी हे प्रत्येक पाहुण्याच्या आधी करतो, साडेतीन-चार मिनिटं लागतात. पावसाळ्यात त्यात एक भर आहे: मोठ्या पावसानंतर रिकाम्या फ्लॅटच्या भिंती, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि कपाटांच्या मागची बाजू बघून फोटो काढायचे, आणि एसी तासभर चालवून बघायचा. जून ते सप्टेंबर नवी मुंबईतलं घर आपणहून ओल धरतं. ती ओल पाहुण्याच्या नावावर टाकायची नाही.

हे फोटो पाहुण्याला तो आल्याच्या दिवशीच पाठवा. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवले तर ते आकारानं लहान होतात आणि फोटो कधी काढला ही आतली नोंदही निघून जाते. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो आपल्याकडे जपा. सोबत मी एवढंच लिहितो: "घरात आधीच तुटलेलं किंवा बंद पडलेलं काही दिसलं तर आज रात्री १० पर्यंत फोटो पाठवा, तुमच्या नावावर धरणार नाही." बहुतेक लोक काहीच पाठवत नाहीत. काहीजण इतक्या बारकाईनं पाठवतात की माझ्याही नजरेतून सुटलेलं सापडतं. दोन्ही चालतं.

रक्कम किती? मी वन बीएचकेला ३,००० आणि टू बीएचकेला ५,००० घेतो. पंधरा-वीस हजार मागणारेही आहेत. एवढी रक्कम मागितली की चांगला माणूस बिचकतो, आणि घरमालकाला मोठी रक्कम हाताशी असल्याचा मोह होतो. नेहमी होणारी मोडतोड या रकमेत बसते. पैसे यूपीआयनं घ्या, शेऱ्यात "परत करायची अनामत" असं लिहायला सांगा आणि ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. मी अनामतीसाठी वेगळं बचत खातं ठेवलंय. भाड्याच्या पैशात ती मिसळली की महिनाअखेरीला आपली वाटायला लागते.

बुकिंग ॲपवरून आलं असेल तर आधी त्या ॲपचे नियम वाचा. एअरबीएनबीवर साध्या घरमालकानं पाहुण्याकडून ॲपबाहेर परस्पर डिपॉझिट घेणं नियमात बसत नाही. तिथे नुकसानीची मागणी त्यांच्याच व्यवस्थेतून, पाहुणा निघाल्यापासून १४ दिवसांत करायची असते. पाहुण्याला उत्तर द्यायला २४ तास मिळतात, त्यानं नाकारलं किंवा उत्तर दिलं नाही तर मग कंपनीला मध्ये घेता येतं. फोटो आणि बिल तिथेही लागतंच. आणि घरावर नजर ठेवायची म्हणून आत कॅमेरा लावायचा विचारही करू नका. एअरबीएनबीनं ३० एप्रिल २०२४ पासून घरातल्या कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी घातली आहे. बंदी नसती तरी लोक जिथे झोपतात तिथे कॅमेरा लावणं मला पटत नाही.

शेवटची तयारी म्हणजे दरपत्रक. एक पान, लॅमिनेट करून स्वयंपाकघराच्या दारामागे, आणि तेच बुकिंगच्या मेसेजमध्ये. चावीचा जोड हरवला तर ६००, एसीचा रिमोट ४५०, डबल बेडची चादर ७००. सोसायटीचा दंडही त्यात लिहा. आमच्या खारघरच्या सोसायटीत चुकीच्या जागी गाडी लावली की दंड होतो. पाहुण्याला आधी सांगितलं नसेल तर तो दंड आपण भरायचा, त्याच्याकडून घ्यायचा नाही.

झीज वेगळी, नुकसान वेगळं

रोज वापरलं की वस्तू झिजते. चादरीचा रंग विटतो, नॉनस्टिकचा थर जातो, सोफ्याची बैठक बसते, भिंतीला डोक्याचं तेल लागतं. याचे पैसे भाड्यातच आले. नुकसान म्हणजे नेहमीच्या वापरात जे होत नाही ते: जळणं, फुटणं, फाटणं, हरवणं.

डागांची गंमत अशी की बहुतेक डाग नुकसान नसतातच, आपण घाई करतो. हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो, तेव्हाच घाबरून फोटो काढू नका. धुऊन एक-दोन दिवस कडक उन्हात घाला, उन्हानं हळद फिकी पडत पडत जाते. रक्ताचा डाग थंड पाण्यानं काढायचा, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. बायकोचा नियम आहे, आणि तो आता माझाही झालाय: दोनदा धुतल्याशिवाय डागाचे पैसे मागायचे नाहीत.

मेंदी मात्र निघत नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि आमच्याकडे वऱ्हाडी उतरतात. पहिल्या वर्षी दोन पांढऱ्या चादरी आणि चार टॉवेल गेले. त्यानंतर आम्ही पांढरी चादर ठेवणंच बंद केलं. वऱ्हाडी आले की गडद रंगाच्या जुन्या चादरींचा गठ्ठा बाहेर काढून सांगतो, "मेंदी असेल तर या वापरा." एकदाही पैसे कापावे लागले नाहीत.

जे खरंच खराब झालं, त्याची किंमत काढताना घसारा, म्हणजे वापरानं कमी झालेली किंमत, धरा. कारखान्यात मशीनवर धरतात तसाच. एक खरा हिशेब देतो. खारघरच्या फ्लॅटमधली गादी २०२१ मध्ये १४,००० ला घेतली होती. २०२५ मध्ये डासांच्या कॉइलनं तिला बशीएवढं भोक पडलं. गादीचं आयुष्य मी सात वर्षं धरतो. चार वर्षं आम्ही ती वापरली, तीन उरली, म्हणजे तिची त्या दिवशीची किंमत ६,०००. नवी गादी १६,००० ला मिळते म्हणून १६,००० मागणं म्हणजे पाहुण्याच्या पैशानं नवी गादी घेणं. पण हिशेब इथेही संपत नाही. दुरुस्ती होते का, हे आधी बघायचं. गादीवाल्यानं तेवढा भाग भरून वरचं कापड बदलून दिलं, १,६०० रुपयांत. दुरुस्तीचा खर्च आणि घसारा धरून उरलेली किंमत, यांतली जी रक्कम कमी ती घ्यायची. मी १,६०० कापले, ३,४०० परत दिले. आता दोन्ही घरांत डासांचं लिक्विड मशीन आहे आणि कॉइल चालणार नाही हे दरपत्रकावर लिहिलंय.

वर्ल्ड कपची रात्र

२ नोव्हेंबर २०२५. भारताच्या मुलींनी नेरूळच्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या वन बीएचकेमध्ये कोल्हापूरचे पाच जण उतरले होते. मॅच संपायला मध्यरात्र झाली. पहाटे दीडला फोन वाजला. "काका, माफ करा, इतक्या रात्री फोन केला. नाचताना धक्का लागला आणि सेंटर टेबलाची काच तडकली."

मी पहिल्यांदा विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?" हाच प्रश्न पहिला विचारावा, आणि तो मनापासून यावा. लागलं नव्हतं. पोरांनी सुटलेले तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवले होते. तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वर "काच" लिहायला सांगितलं, म्हणजे सकाळी मावशींचा हात कापणार नाही.

दुसऱ्या दिवशी काचवाल्याकडे गेलो. तडा गेलेली काच साधी होती. तशीच नवी १,३०० ला मिळत होती. टफन्ड काच २,२०० ला. टफन्ड फुटली तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात, साध्या काचेसारखी सुरीची पाती होत नाहीत. पाहुण्यांच्या घरात तीच बरी, म्हणून टफन्डच बसवली. मुलांकडून घेतले १,३००. वरचे ९०० माझे, कारण घर सुधारायचं मी ठरवलं, त्यांनी नाही. टेम्पोचं भाडंही लावलं नाही. ज्यानं आपणहून सांगितलं त्याच्याकडून फक्त वस्तूची किंमत घ्यायची, मजुरी-भाडं आपलं, असा माझा ठराव आहे आणि तो दरपत्रकावर शेवटच्या ओळीत छापलाय. तो छापल्यापासून लपवलेली मोडतोड जवळजवळ थांबली आहे. गादीखाली सारलेली फुटकी बशी आणि कपाटाआड उभा केलेला तुटलेला पंखा शोधत बसण्यापेक्षा शंभर-दोनशे रुपये सोडणं कधीही परवडतं.

पाहुणा निघताना आणि त्यानंतर

त्याची टॅक्सी खाली उभी असताना भिंग घेऊन घर तपासू नका. अकराला चेक-आउट असेल तर मी पावणेअकराला जातो, त्याच्यासोबतच चाव्या, रिमोट, शेगडी, टीव्ही, काचा, बाथरूमचे नळ आणि गाद्या बघतो. दहा मिनिटं. बाकी मावशी साफसफाई करताना बघतात आणि काही वेगळं दिसलं तर हात लावण्याआधी फोटो पाठवतात. मावशींना एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांगा: त्यांच्या हातून काही फुटलं तर पगार कापला जाणार नाही. ही भीती राहिली तर त्यांच्या हातची फुटलेली वस्तू पाहुण्याच्या खात्यावर जाते, आणि आपल्याला ते कधी कळतही नाही.

सगळं ठीक असेल तर त्याच संध्याकाळी सहाच्या आत पूर्ण अनामत परत. काही सापडलं तर ४८ तासांत बिलासह हिशेब. ४८ तासांत मी हिशेब देऊ शकलो नाही तर पूर्ण परत, ही अट मीच मला घातली आहे. मेसेज कसा लिहावा याचा एक नमुना, मी खरोखर पाठवलेला:

"नमस्कार ताई, काल तुम्ही निघाल्यावर इंडक्शनची काच तडकलेली आढळली. तुम्ही आलात त्या दिवशीचा आणि कालचा, दोन्ही फोटो सोबत आहेत. दुरुस्त होते का ते आज विचारतो आणि उद्या सकाळी दहापर्यंत बिलासह कळवतो. हे आपोआप झालं असेल किंवा आधीपासून असेल तर तेही सांगा, त्याचा विचार करूनच हिशेब करेन."

यात "तुम्ही तोडलीत" कुठेही नाही. "आढळली" आहे. कारण मी पाहिलं ते तेवढंच. त्या ताईंनी सांगितलं की गरम कुकर ठेवला होता आणि वरून थंड पाणी सांडलं. निम्मे त्यांनी भरले, निम्मे मी. पाणी सांडू नये अशी सूचना तिथे लावलेली नव्हती.

शंभर-दीडशेच्या वस्तूंसाठी हे सगळं करू नका. ग्लास, बशी, पायपुसणं, चमचे. प्रत्येक रात्रीच्या भाड्यातले १०० रुपये मी मोडतोड म्हणून बाजूला टाकतो आणि असल्या वस्तू त्यातून भरतो. ज्या महिन्यात काही फुटत नाही त्या महिन्याचे पुढे गादीला, पडद्यांना उपयोगी पडतात.

पटलं नाही तर

पाहुणा म्हणाला की हे मी केलेलं नाही, आणि माझ्याकडे आधीचा फोटो नाही, तर मी कापत नाही. फोटो काढायचा राहिला ही चूक माझी. फोटो आहे आणि तरी तो नाकारतोय, तर दोन्ही फोटो, बिल आणि हिशेब एका मेसेजमध्ये पाठवतो, तेवढी रक्कम कापतो आणि उरलेली त्याच दिवशी परत करतो. वाद तीनशे रुपयांचा असेल तर बाकीचे चार हजार सातशे अडकवून ठेवायचे नाहीत.

दरपत्रकावर "काहीही तुटल्यास पूर्ण डिपॉझिट जप्त" असं लिहिणारे बरेच आहेत. त्यांनी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ कुणाकडून तरी समजून घ्यावं. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती वरची मर्यादा असते. मिळू शकते ती त्या मर्यादेच्या आतली वाजवी भरपाई. ग्लास फुटला म्हणून पाच हजार ठेवून घेणं त्यात बसत नाही. आणि पाहुणा ग्राहक म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, १९१५ या हेल्पलाइनवरही तक्रार करता येते. हे पाहुण्यांनाही माहीत असावं असं मला वाटतं, म्हणून इथे लिहितोय.

नुकसान अनामतीपेक्षा मोठं झालं तर बिल पाठवा, मुदत द्या, हप्त्यानं द्यायला तयार असेल तर घ्या. मुद्दाम केलेली नासधूस असेल तर पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार करा. पण तीन गोष्टी कधीही करू नका. त्याचं ओळखपत्र अडवून ठेवायचं नाही. मुळात आधारची मूळ प्रत घ्यायचीच नाही, शेवटचे चारच आकडे दिसतात ती मास्क्ड प्रत मागायची. त्याचं सामान अडवायचं नाही. आणि त्याचा फोटो, नंबर घरमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. हा ग्रुप माझ्याही फोनमध्ये आहे, असे फोटो रोज येतात, आणि प्रत्येक वेळी मला नाशिकच्या त्या मुलीची आठवण होते.

ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. त्यामुळे प्रत्येक मुक्कामाचे फोटो, मेसेज आणि बिलं निदान तेवढी ठेवा. मी महिन्यानुसार फोल्डर करतो आणि दोन वर्षं झाली की पुसतो. जुलै २०२३ चं फोल्डर मात्र अजून तसंच आहे. त्यात पहिला फोटो गादीच्या ओल्या कोपऱ्याचा आहे, आणि दुसरा, बारा दिवसांनी काढलेला, एसीच्या पाइपाचा.